स्वतःच्या आवाजापुरता बहिरा

पावसाळ्यात दिवे मालवले की मोरीच्या कोपऱ्यातून रातकिडा सुरू होतो. अंथरुणात कूस बदलत कुणीतरी कुरकुरतं, "त्याचे कान कसे किटत नाहीत!" मला हा प्रश्न अगदी खरा वाटतो. कारण रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात, गुडघ्याच्या जरा खाली, पातळ पडद्यासारखे. आणि तो गातो पंखांनी. एका पंखाच्या शिरेवर बारीक दाते, दुसऱ्याची कड त्यांवर घासायची. पंख मिटताना आवाज होतो, उघडताना होत नाही. म्हणजे वाद्य आणि कान जवळजवळ एकमेकांना खेटूनच, आणि आवाज 100 डेसिबलपर्यंत जाणारा.

केंब्रिजमध्ये जेम्स पूले आणि बर्टहोल्ड हेडविग यांनी याचाच माग काढला. त्यांचा रातकिडा काळा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेला; ही जात आपल्याकडेही आढळते. स्वस्थ बसलेल्या किड्याला गाणं ऐकवलं की त्याच्या श्रवणपेशी भरभरून दाद देत. तोच गाऊ लागला की त्या दबत. मग त्यांनी एक पंख काढला. आता किडा गाण्याची सगळी हालचाल करत होता, आवाज मात्र नव्हता. तरीही प्रत्येक ठेक्याला श्रवणपेशी दबतच होत्या! दाबणारा आवाज नव्हे, गाण्याचा हुकूमच होता. ही गोष्ट 2002 सालची. ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

2006 मध्ये त्यांना हा निरोप पोचवणारी चेतापेशी सापडली. पंखांना हुकूम सुटला की त्याची वर्दी ही पेशी कानाकडच्या पेशींना देते: हा आवाज आपलाच, सोडून द्या. न गाणाऱ्या किड्यात ती पेशी विजेनं चेतवली, तरी ऐकणं दबलं. एवढ्याशा जिवाला आपलं आणि परक्याचं वेगळं काढता यावं, याहून मोठं नवल मला तरी ठाऊक नाही.

शिवाय हा बहिरेपणा अगदी मोजका, ठेक्यापुरताच. किरकिरीच्या दोन तुकड्यांमध्ये कान पुन्हा जागा होतो, आणि शेजारचा प्रतिस्पर्धी त्याला ऐकू येतो. म्हणून सांगतो, आज रात्री झोप उडाली तर चप्पल उचलू नका. दोन किरकिरींमधली फट ऐका. तेवढ्यात तोही ऐकून घेत असतो.