एक फॅरडचं शहाणपण

मी लासलगावचा आहे असं सांगितलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला : "काय रे, कांद्याचा भाव काय चाललाय?" जणू मी बाजार समितीत खुर्ची टाकूनच बसलेलो असतो! खरं म्हणजे माझं दहावीपर्यंतचं शिक्षण नाशिकला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे कांद्यातलं मला फारसं कळत नाही आणि मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो (संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं). पण कांद्याच्या ट्रॅक्टरवरच्या साउंड सिस्टीमबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण त्यात मी एकदा सपशेल तोंडावर आपटलोय.

आमच्याकडे ट्रॅक्टर नुसता ओढायला नसतो. त्याला गोंडे लागतात, आरसे लागतात आणि मडगार्डवर दोन मोठे स्पीकर लागतात. माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, तर ॲम्प्लिफायर आणि वूफरही बसवला होता. अडचण एकच, ढोलकीचा ठेका पडला की हेडलाइट डोळा मिचकावायचे. २०२३ च्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा दादा म्हणाला, "इंजिनिअर, हे असं का होतं?"

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकल नुकतंच सुरू झालं होतं. असा प्रश्न विचारल्यावर मी कशाला थांबतोय! ठेक्याला ॲम्प्लिफायर एकदम जास्त करंट खेचतो, तेवढ्यापुरतं व्होल्टेज पडतं, दिवे मंदावतात. ॲम्प्लिफायरच्या शेजारीच कपॅसिटर लावला तर तो क्षणभराची भूक भागवतो. एवढं सगळं मी अर्ध्या इंग्रजीत सांगितलं. दादाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे बॅटरी आपलं शेततळं आणि हा दाराशी भरून ठेवलेला हंडा." माझ्या सरांनाही इतकं सोपं सांगता आलं नसतं.

नाशिकहून १ फॅरडचा कपॅसिटर आणला, तीन हजार रुपयांना. चकचकीत डबा आणि वर व्होल्टेज दाखवणारे निळे आकडे. तो रिकामा असताना थेट बॅटरीला जोडला तर मोठी ठिणगी उडते, म्हणून मधे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घालून हळूहळू भरायचा असतो. बल्ब पेटतो, मंद होतो, विझतो. विझला की भरला. मग प्रात्यक्षिक म्हणून मी तो भरलेला कपॅसिटर त्याच बल्बवर रिकामा करून दाखवला. चार-पाच सेकंद उजेड, पुढे काजवा, मग अंधार. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या!

त्या टाळ्यांच्या नादात मी समोरचं उत्तर पाहिलंच नाही. एक साधा बल्ब ज्याला पाच सेकंद जड जातो, तो वूफरला किती पुरणार? नंतर हॉस्टेलवर वहीत गणित मांडलं. अर्धा गुणिले एक फॅरड गुणिले १२.६ चा वर्ग, म्हणजे ७९ ज्यूल. आमची ट्रॅक्टरची ७५ अँपिअर-अवरची बॅटरी भरलेली असताना साधारण ३२ लाख ज्यूल. चाळीस हजारपट! हंडा कसला, वाटीसुद्धा नव्हती.

पण दिव्यांचं मिचकावणं कमी झालं आणि दादाला वाटलं, आता पॉवर वाढली. मलाही वाटलं.

८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. जानेवारीत मी दोन दिवस घरी होतो तेव्हा आप्पा, दादा आणि मी लाल कांदा घेऊन निघालो. सकाळच्या लिलावाला पुढचा नंबर मिळावा म्हणून रात्रीच ट्रॅक्टर रांगेत लावला. थंडी मरणाची. इंजिन बंद आणि गाणी चालू. "अरे, आपल्याकडे कपॅसिटर आहे," हे वाक्य माझंच. निळे आकडे आधी १२.४ होते, पुढे १२, झोप लागायच्या आधी ११.८. मला ते शोभेचे वाटत होते. बॅटरी १२ वर आली की जवळजवळ संपत आलेली असते, हे मला माहीत असायला हवं होतं.

सकाळी रांग पुढे सरकायला लागली आणि आमच्या स्टार्टरने फक्त 'टक' केलं. पुन्हा 'टक'. मागून हॉर्न आणि शिव्या. एकजण ओरडला, "वाजवायला बॅटरी आहे, चालवायला नाही का?" लोकांनी ढकलून आमची ट्रॉली कडेला काढली. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरून केबल टाकून इंजिन चालू होईपर्यंत नंबर गेला होता. दुपारच्या लिलावात गेलो, तर क्विंटलमागे साठ रुपये कमी. आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खळ्यावर माल खाली करून येईपर्यंत मी ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून जमिनीकडे बघत बसलो होतो.

यात कपॅसिटरचा काही दोष नव्हता. तो पुरवठा गुळगुळीत करतो, वीज तयार करत नाही. ॲम्प्लिफायरवर 'हजार वॅट' लिहिलेलं असलं तरी त्याचे फ्यूज बघावेत. आमच्यात वीस-वीसचे दोन होते, म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम ४८० वॅट. तेवढेसुद्धा रात्रभर कुठून येणार, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

सेकंड इयरला असताना दादाचा फोन आला. म्हणाला, सिस्टीमला वेगळी बॅटरी टाकतोय, रिलेचं कनेक्शन सांग. इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जाव्यात, बंद केलं की स्टार्टरची बॅटरी वेगळी राहावी. या वेळी मी आधी वहीत काढलं, लॅब असिस्टंट काकांना दाखवलं आणि मगच सांगितलं. बॅटरीजवळ फ्यूज आणि जाड वायर हे काकांनी सुचवलं.

गेल्या सुट्टीत पुन्हा रांगेत होतो. कपॅसिटर अजून आहे, पण दादा आता त्याचे आकडे बघतो आणि १२.२ झाले की गाणं बंद करतो. पहाटे आप्पांनी घोंगडीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "काय आकडा आहे रे?"

"१२.४, आप्पा."

"अरे, कांद्याचा विचारतोय!"