चेंबर, पत्रा आणि राजमाची

राजमाची. लोणावळ्याहून जेमतेम १५-१६ किलोमीटर. पण तुंगार्ली मागे पडली, डांबर संपलं, की हेच किलोमीटर लांबत जातात. गेल्या डिसेंबरात बाबांना घेऊन निघालो होतो. कॉलेजात असताना ते कर्जतकडून, कोंढाणे लेण्यांवरून चढून गेले होते. आता गुडघे नाही म्हणतात, म्हणून गाडी. फोर बाय फोर आहे, टेन्शन कशाला? अर्ध्या वाटेत एका दगडानं खालून दणका दिला आणि चेंबर फुटलं. मागे काळ्या ऑइलची रेघ. इंजिन लगेच बंद केलं. टोइंगवाला येईपर्यंत बाबा शांतपणे दगडावर बसून होते. "राहू दे रे, पाहिलीये मी एकदा," एवढंच म्हणाले. ते 'राहू दे' काही डोक्यातून जाईना.

नवं चेंबर बसलं आणि मी स्किड प्लेट आणली. म्हणजे इंजिनाच्या पोटाखाली लावायचा जाड पत्रा. ॲल्युमिनियमचा हलका असतो, स्टीलचा जड, पण मार खातो. मी स्टीलचा घेतला. आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला घ्यायचा, म्हणजे चासीला आधीच असलेल्या भोकांत बसतो. ड्रिल मारायची भानगड नाही.

रविवार सकाळ, सोसायटीचं पार्किंग. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पान्यांचा डबा. मी जॅक लावून खाली सरकणार, तोच ओरडले, "नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही!" मागच्या चाकांना दगड, चासीखाली दोन जॅक स्टँड, मगच मी आडवा. आधीचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. आट्यांत बसलेला चिखल तारेच्या ब्रशनं साफ केला. पत्रा जड, म्हणून दुसऱ्या जॅकवर ठेवून वर उचलला. खरी गंमत पुढेच आहे. सगळे बोल्ट आधी हातानं, सैलच लावायचे. एक जरी पूर्ण आवळला तर बाकीची भोकं जुळत नाहीत, आणि जबरदस्ती केली की आटे गेलेच. सगळे बसले की टॉर्क रेंचनं आलटून पालटून आवळायचे. पत्रा आणि चेंबरमध्ये फट हवी, नाहीतर दगडाचा मार थेट आत. ड्रेन बोल्टसमोर भोक आहे ना, तेही बघून घेतलं.

जानेवारीत पुन्हा तीच वाट, तसाच चढ आणि खालून 'खण्ण!' बाबांनीच गाडी थांबवायला लावली. त्यांना वाकता येईना, मीच टॉर्च घेऊन खाली पाहिलं. पत्र्यावर लांबलचक ओरखडा. चेंबर कोरडं.

"चल," बाबा म्हणाले.

उधेवाडीत एका अंगणात चहा घेतला. समोर श्रीवर्धन आणि मनरंजन. गडावर बाबा चढले नाहीत. आपण कुठून आलो होतो, ते बोटानं दाखवत राहिले. हातातला चहा गार झाला.

घरी आल्यावर पत्र्याचे बोल्ट तपासले. दोन सैल झाले होते. तेव्हा मंडळी, पहिल्या ट्रिपनंतर पाना पुन्हा हातात घ्यायला विसरू नका. आणि बाबा 'राहू दे' म्हणाले, तर अजिबात राहू देऊ नका.