पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

घोडदळाचा इतिहास वाचताना नजर स्वारावर खिळते, फार तर घोड्याच्या जातीवर. खुराकडे सहसा कोणी पाहत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने मात्र पाहिले होते. शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सांगताना त्याच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार येतो आणि त्याच ओघात, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंदही येतो. पाच हवालदारांचा एक जुमला. म्हणजे सव्वाशे घोड्यांबरोबर पाच नालबंद.

हे प्रमाण उगाच ठरलेले नसावे. खूर हा माणसाच्या नखाच्याच जातीचा; महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढणारा. अनवाणी घोड्याचा खूर दगडधोंड्यांवर आपोआप झिजतो. घाटवाटांवर तर वाढीपेक्षा झीजच अधिक, म्हणून नाल हवा. पण नाल ठोकला की झीज थांबते आणि वाढ चालूच राहते. आजच्या हिशेबाने सहा ते आठ आठवड्यांनी नाल उपटून, खूर कापून, कानशीने सपाट करून पुन्हा ठोकावा लागतो. पंचवीस घोडे म्हणजे १०० खूर. दररोज दोन-तीन खुरांचे काम आलेच; कूच करताना निखळलेले नाल वेगळेच.

अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त शाही घोड्यांना वर्षातून दोनदा नाल ठोकण्याचा खर्च मांडला आहे: चार नालांना पूर्वी ८ दाम, पुढे १०. दोनदा म्हणजे फार थोडे वाटते. ही नव्या नालांची किंमत असावी आणि मधल्या काळात तेच नाल काढून पुन्हा बसवत असावेत, असा तर्क करता येतो.

खरी कसोटी खिळ्याची. खुराची बाहेरची भिंत निर्जीव, तिच्या आत जिवंत मांस. खिळा त्या भिंतीतूनच तिरपा वर निघाला पाहिजे. मग त्याचे टोक तोडून उरलेले वळवायचे. सुताभराने आत गेला तर घोडा तेथल्या तेथे पाय आखडतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, दोन-चार दिवसांनी आत पू धरून लंगडू लागतो. ज्या सैन्याचे बळ वेगाने येण्यात आणि वेगाने निघून जाण्यात होते, त्याच्यासाठी लंगडा घोडा म्हणजे मागे पडलेला स्वार. मागे पडलेल्याचे काय होई, हे वेगळे सांगायला नको.

बारगिराचा घोडा सरकारी, त्यामुळे नालबंदही सरकारी. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. त्याला मोहिमेपूर्वी तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिचे नावच ‘नालबंदी’. खर्च घोड्याचा, हत्यारांचा, दाणावैरणीचा. नाव मात्र नालाचे. पेशवाईच्या कागदांत हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो आणि नवखा वाचक त्याचा अर्थ ‘नाल मारण्याची मजुरी’ असा करून फसतो.

‘नाल’ मूळचा अरबी, अर्थ पादत्राण. फारसीने त्याला ‘बंद’ जोडला आणि शब्द सैन्यांबरोबर दूरवर पोहोचला. अर्जेंटिनाचा टेनिसपटू दाविद नालबांदियान याचे आर्मेनियन आडनाव ह्याच शब्दातून आले आहे. महाराष्ट्रातही नालबंद आडनावाची मुस्लिम कुटुंबे आहेत. बखरीत सरदारांची नावे ओळीने येतात. नालबंद तेथे केवळ संख्येने उरतो. आडनावात तरी तो टिकला.

माथेरानात आजही घोड्यांवर पोट असलेली कुटुंबे आहेत. तिथल्या तांबड्या मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसू लागले तेव्हा घोडेवाल्यांची तक्रार खुराचीच होती: मातीत रुतून धरणारा लोखंडी नाल गुळगुळीत फरशीवर, विशेषतः पावसात, घसरतो. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.