काचेतलं बाळ

मुलांनो, ‘सातमासा’ हा शब्द तुम्ही आजीच्या तोंडून ऐकला असेल. सातमासा म्हणजे नऊ महिने पुरे होण्याआधीच, सातव्या महिन्यात जन्माला आलेलं मूल. पूर्वी अशा बाळाला कापसात गुंडाळून उबेला ठेवत. आता दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात. ‘बाळाला काचेत ठेवलंय’ असं आपण म्हणतो ना, तीच ही पेटी.

माझ्या तिसरीच्या वर्गात अशी एक काचेतली मुलगी आहे. जन्मली तेव्हा वजन जेमतेम सव्वा किलो! चष्मा जाड भिंगांचा, पण पाढे सगळ्यांच्या आधी म्हणते. एका मुलाने मला विचारलं, “बाई, काचेत राहिल्यामुळे तिला चष्मा लागला का हो?” प्रश्न एवढासा, पण त्याच्या उत्तरासाठी मला पार १९४२ सालच्या अमेरिकेपर्यंत जावं लागलं. तुम्हीही चला.

आधी थोडं डोळ्याविषयी. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ पडदा चिकटलेला असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. दिसायला तो डोळ्याचा भाग, पण खरं पाहिलं तर मेंदूचाच तुकडा! आईच्या पोटात बाळ महिन्याभराचंही नसतं, तेव्हा त्याच्या इवल्याशा मेंदूला दोन बाजूंनी दोन फुगे येतात. ते पुढे सरकतात आणि त्यांचंच दृष्टिपटल बनतं. त्यामुळे मेंदूची अडचण ती त्याचीही अडचण. गुडघा खरचटला तर आठ-दहा दिवसांत नवी कातडी येते. दृष्टिपटलाच्या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत.

या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या पोटातल्या चौथ्या महिन्यात मधोमध फुटतात आणि कडेकडे वाढत जातात. विहिरीपासून पाट काढत काढत बांधापर्यंत न्यावेत तशा. बांधापर्यंत पोचायला त्यांना पुरे नऊ महिने लागतात. सातमाशा बाळाचे पाट अर्ध्या शेतातच थांबलेले असतात.

१९४२ साली बोस्टन शहरातल्या डॉ. थिओडोर टेरी यांना काही बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरट पडदा दिसला. बाळं आंधळी झाली होती आणि सगळी वेळेआधी जन्मलेली होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी अशी गेली. अमेरिकेतला प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच. १९५० साली तो सहा आठवडे आधी जन्मला होता. नवल म्हणजे गरीब देशांपेक्षा नव्या, सुसज्ज दवाखान्यांतच हा आजार जास्त!

कारण काय? कोणी म्हणे उजेड, कोणी म्हणे जीवनसत्त्वं. न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम सिल्व्हरमन यांनी एसीटीएच नावाचं औषध दिलं. ३१ बाळांपैकी २५ जणांचे डोळे चांगले राहिले. वा! दुसऱ्या एका दवाखान्यात हे औषध न मिळालेल्या बहुतेक बाळांची दृष्टी गेली होती. आणखी पुरावा कशाला हवा? तुम्ही-आम्ही इथेच टाळ्या वाजवल्या असत्या. सिल्व्हरमन थांबले. त्यांनी काय केलं सांगू? पेटीतून रंगीत गोट्या काढल्या! एका रंगाची गोटी आली तर बाळाला औषध, दुसऱ्या रंगाची आली तर नाही. म्हणजे कोणाला औषध द्यायचं हे डॉक्टरांच्या मनावर राहिलं नाही. निकाल उलटाच लागला. औषध मिळालेल्यांपैकी एक तृतीयांश बाळांची दृष्टी गेली, न मिळालेल्यांपैकी एक पंचमांशच. त्या औषधाने काही भलं होत नव्हतं. बहुतेक डोळे आपले आपणच बरे होत होते. आपलंच औषध खोटं ठरेल अशी परीक्षा आपणच घ्यायची! मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

खऱ्या कारणाचा माग १९५१ साली लागला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी आपल्या शहरातल्या दवाखान्यांची तुलना केली. जिथे काचेच्या पेटीत प्राणवायू सढळ हाताने सोडत, तिथे आंधळी बाळं जास्त. जिथे हात राखून देत, तिथे कमी. प्राणवायू, म्हणजे आपला ऑक्सिजन! ज्याच्यामुळे जगायचं, त्यानेच डोळे जावेत?

कोणाला पटेना. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या एका दवाखान्यात डॉ. आर्नल पॅट्झ यांनी काही बाळांना कमी प्राणवायू देऊन पाहायचं ठरवलं. तर रात्रपाळीच्या परिचारिका गुपचूप नळ उघडून त्या बाळांना जास्त प्राणवायू सोडू लागल्या! डॉक्टर बाळांना गुदमरवताहेत असंच त्यांना वाटे. मला त्यांचा राग येत नाही. समोर एवढंसं पोर धापा टाकत असताना कोणाचा हात नळाकडे जाणार नाही?

लंडनला डॉ. नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लं डोळे मिटूनच जन्मतात, तुम्ही पाहिलं असेल; त्यांच्या दृष्टिपटलाचे पाट जन्मानंतरही वाढत असतात. भरपूर प्राणवायूत ठेवल्यावर ते कोवळे पाट आक्रसून बंद पडले. मग पिल्लं साध्या हवेत आली. आता पडदा उपाशी! त्याने ‘रक्तवाहिन्या पाठवा’ अशी हाक दिली आणि नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या, रानासारख्या वाढल्या. बाळांच्या डोळ्यांत अशाच वाहिन्यांतून रक्त झिरपतं, व्रण धरतात आणि ते व्रण दृष्टिपटलाला ओढून भिंतीपासून सोडवतात. (ही हाक देणारं प्रथिन १९८९ मध्ये ओळखलं गेलं. त्याचं नाव व्हीईजीएफ.)

शेवटी १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ दवाखान्यांनी मिळून परीक्षा घेतली. सढळ प्राणवायू मिळालेल्या १०० बाळांमागे २३ जणांच्या डोळ्यांत व्रण राहिले, बेताने मिळालेल्या १०० मागे ७. झालं, सगळीकडे नळ आवळले गेले. आंधळेपण झपाट्याने कमी झालं.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण त्या परीक्षेत जन्मानंतरचे ४८ तास जगलेलीच बाळं घेतली होती. पहिल्या दोन दिवसांचा हिशेब तीत नव्हताच, आणि कच्च्या फुप्फुसांच्या बाळाला प्राणवायूची खरी नड तेव्हाच असते. नळ आवळल्यावर डोळे वाचले, पण कित्येक बाळं दगावली आणि काहींच्या मेंदूला इजा होऊन हातपाय कायमचे ताठर झाले. १९७३ मध्ये इंग्लंडच्या डॉ. केनेथ क्रॉस यांनी अंदाज केला, की एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळांचे प्राण गेले असावेत. दृष्टिपटल मेंदूचाच तुकडा, असं मी वर म्हटलं. त्या तुकड्याला जपताना उरलेला मेंदू उपाशी राहिला.

मग किती प्राणवायू द्यायचा? ते ठरवायला आधी रक्तातला प्राणवायू मोजता यायला हवा. करोनाच्या दिवसांत बोटाला लावायचा चिमटा आठवतो? त्या ऑक्सिमीटरमागची युक्ती १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली. २०१० मध्ये अमेरिकेत १,३१६ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिमट्यावरचा आकडा ८५ ते ८९ ठेवलेल्या गटात जगलेल्या बाळांपैकी १०० मागे सुमारे ९ जणांना डोळ्यांचा गंभीर आजार झाला; ९१ ते ९५ ठेवलेल्या गटात १८ जणांना. पण मृत्यू पाहिले तर पहिल्या गटात १०० मागे २०, दुसऱ्यात १६. कोणता गट निवडाल? डॉक्टरांनी जीव आणि मेंदू निवडला. हल्ली हा आकडा बहुधा ९० ते ९५ च्या आसपास ठेवतात. डोळ्यांचा आजार त्यामुळे काही बाळांना होणार हे ठाऊक असतं, पण तो वेळेवर दिसला तर लेझरने किंवा इंजेक्शनने आवरता येतो.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. काचेने चष्मा लागत नाही. काचेने आणि प्राणवायूने ती जगली. तिच्या डोळ्यांतल्या रानटी वाहिन्या लेझरने थांबवल्या. अशा मुलांना पुढे जवळचं दिसतं, दूरचं अंधुक दिसतं, म्हणून चष्मा.

पालकांनो, आता दोन ओळी तुमच्यासाठी. घरात किंवा शेजारी एखादं बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत दृष्टिपटलाची तपासणी झालीच पाहिजे; फारच लहान असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाळ टकमक पाहतं, हसतं, म्हणून थांबू नका. हा आजार वरून दिसत नाही. आपल्या शाळांत तपासणीला डॉक्टर येतात तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या यादीत या आजाराचं नाव आहे.

तपासणी म्हणजे काय? डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात, मग डॉक्टर कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात पडद्याच्या कडा पाहतात. बाळ रडतं, खूप रडतं. काही मिनिटांत काम होतं, आणि मग पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून देतात. ती तारीख मात्र चुकवायची नाही, कारण एकदा पाहून भागत नाही. पाट बांधाला टेकेपर्यंत पाहावं लागतं.