हळवे

'टेंडर' म्हणजे काय, हे आमच्या गडमुडशिंगीत कोणालाही विचारा. तो रस्त्याचे टेंडर आणि गटाराचे टेंडर एवढेच सांगेल. कागदोपत्री त्याला निविदा म्हणतात. पण पारावर बसून निविदेवरून भांडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. इंग्रजीत याच उच्चाराचे एक विशेषणही आहे. त्याच्याशी माझा एक जुना हिशेब राहिला आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. मास्तरकी केली, चार कादंबऱ्या लिहिल्या, पण इंग्रजी जेमतेमच. तरी गल्लीत कोणाच्या हाती इंग्रजी कागद पडला की तो माझ्याकडे यायचा, आणि मीही चष्मा पुसून तो ऐटीत वाचायचा.

काही वर्षांपूर्वी, गुऱ्हाळाच्या दिवसांत, आबांच्या पोटात दुखू लागले. शेजाऱ्याने त्यांना डॉक्टरकडे नेऊन आणले. संध्याकाळी मी शाळेतून आलो तो आबा सोप्यात चिठ्ठी घेऊन बसलेले.

"काय लिवलंय रं?"

पोटाची उजवीकडची खालची बाजू 'टेंडर' आहे, असे त्यात होते. त्याच आठवड्यात मी वर्गात शिकवले होते, 'टेंडर' पान म्हणजे कोवळे पान. पण आबांचे पोट कोवळे कसे असेल? तेव्हा मऊ असणार. मी सांगून टाकले, "उजव्या अंगाला पोट मऊ आहे म्हणतोय."

"मऊ हाय न्हवं? मग कशाला भ्याचं? आदणं उतरूंद्यात, मग बघू."

आईनेही हुश्श केले. दुसऱ्या रात्री आबा गुडघे पोटाशी घेऊन कण्हू लागले. तसेच कोल्हापूरला नेले. आंत्रपुच्छ फुटायच्या बेतात होते. शस्त्रक्रिया झाल्यावर तिथले डॉक्टर मला म्हणाले, "कालच का आणले नाही? चिठ्ठीत तर स्पष्ट लिहिले होते." आणि त्यांनी त्याच शब्दावर बोट ठेवले. वैद्यकात 'टेंडर' म्हणजे दाबले असता दुखणारे.

आबा त्यातून उठले आणि पुढे सहा वर्षे जगले. आई मात्र आल्यागेल्याला अजून सांगते, "पोराला विंग्रजी येतंय म्हणून धनी वाचलं." मी ते कधी खोडून काढले नाही.

तेव्हापासून मला कोश चाळायची खोड लागली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा. कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. हे जाडजूड ग्रंथ उलटताना वाटे, साहेबाच्या एका शब्दासाठी आपल्याला किती शब्द लागतात! काकडी कोवळी, पालवी लुसलुशीत, भाकरी मऊ, मन हळवे आणि गळू दुखरे. यांतला एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला की काय होते, ते मी पाहिले होते. कोवळ्या उसाचा गूळ धड बसत नाही, हे गुळव्याला कळते. तिथे 'ऊस मऊ आहे' म्हणून भागत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी फिनलंडात वृद्धांची शुश्रूषा करते. तिची पत्रे येतात. तिथली भाषा इंग्रजीच्या गोत्रातली नाही आणि मराठीच्याही नाही. तिचे जवळचे नाते एस्टोनियनशी, दूरचे हंगेरियनशी. तीत नामांना लिंग नाही, पण विभक्त्या पंधरा, आणि विशेषणही नामाबरोबर विभक्ती घेऊन चालते. मी तिला हाच एक शब्द विचारला. तिने लिहिले, "गुरुजी, शिजून मऊ झालेल्या मांसाला इथे 'मुरेआ' म्हणतात. मायेच्या हाताला 'हेल्लॅ' म्हणतात. आणि हात लावताच दुखते त्या जागेलाही 'हेल्लॅ'च."

पत्र हातात धरून मी बराच वेळ बसलो. एकमेकींशी रक्ताचे नाते नसलेल्या या दोन भाषा. दोघींनी माया आणि दुखणे एकाच शब्दात ठेवले. आपणच तेवढे दोन्ही वेगळे काढले, असे मला वाटले. आई शेंगा फोडत बसली होती. तिला विचारले, "हात लावला की दुखतं, त्याला आपण काय म्हणतो गं?"

"हळवं म्हनतो की! आबांचं टाकं काढल्यावर मी रोज म्हनत न्हवते व्हय, अजून हळवं हाय, हात लावू नगा म्हनून?"

शब्द चुलीपाशीच होता आणि मी तो कोशांत धुंडाळत होतो. हळवे मन आणि हळवी जखम! भातही हळवे असते; पण ते लवकर पिकते म्हणून. मी मात्र गरवाच निघालो.

आईला अक्षरओळख नाही. दिवाळी अंक घरी आला की ती पदराला हात पुसून समोर बसते आणि म्हणते, "तुजं तेवढं वाचून दाव." यंदा हे वाचून दाखवायचे आहे. 'पोट मऊ आहे' या ओळीपाशी मी थांबेन, हे मला आताच दिसते आहे. ती म्हणेल, "थांबलास का? फुडं वाच की."