पहिली रायफल : विकत की जुळवून?

गेले चार महिने आमच्या घरात जेवताना, चहाला आणि रात्री दिवे मालवेपर्यंत एकच विषय होता. नातीची पहिली रायफल. नवी कोरी विकत आणायची, की जुनी घेऊन तिच्या मापाची जुळवून घ्यायची? आता निर्णय झालाय, म्हणून निवांतपणे लिहायला बसले आहे.

‘रायफल’ हा शब्द वाचून दचकू नका. सांगलीच्या वन्सं फोनवर दचकल्याच. "अगं, तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक?" म्हणाल्या. तर वन्सं, आणि तुमच्यासारखेच इतर नातेवाईक, आधी हे सांगते की ही एअर रायफल आहे. हिच्यात दारू नाही, काडतूस नाही. दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. २० ज्यूलच्या आतली ताकद आणि ४.५ मिमीची नळी असली, तर आपल्याकडे परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल त्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाही. तरीही ती खेळणं नव्हे. घरात ती कुलपात असते, आणि नळीत केशरी रंगाची दोरी घातलेली असते, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसावं. कुणाकडेही नळी रोखायची नाही, रिकामी असली तरी नाही, हा पहिला धडा. पाढ्यांसारखा पाठ करून घेतात.

खेळ असा. दहा मीटरवर लक्ष्य. त्याच्या मधोमध दहाचा ठिपका, व्यास अर्धा मिलिमीटर! वहीत पूर्णविराम देतो ना, तेवढाच. पाच-साडेपाच किलोंपर्यंतची रायफल उभ्याने धरून सव्वा तासात ६० छर्रे मारायचे. एका छर्र्याला जास्तीत जास्त १०.९ गुण. मुलींना पूर्वी ४०च असत, २०१८ पासून मुलामुलींना सारखेच ६० झाले. मला हे फार बरं वाटलं.

कोल्हापुरात या खेळाची हवा जुनीच. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबत इथलीच. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य आणलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. त्याचे वडील शिक्षक. माझ्यासारख्या मास्तरणीला त्याचं कौतुक जरा जास्तच! त्याचा प्रकार ५० मीटरचा, रायफल .२२ची, तिला परवाना लागतो. पण सुरुवात बहुतेकांची दहा मीटरवर होते.

आमची नात वर्षभर क्लबची रायफल वापरत होती. ती तिघांत एक. आधीचा मुलगा तिच्याहून वीतभर उंच. तो गेला की हिने बट आत घ्यायचा, गालाची पट्टी खाली करायची, साइट आपल्याला लावायची. पुढची आली की पुन्हा सगळं विसकटणार. पहिली पंधरा मिनिटं यातच जायची, आणि कालची जागा आज सापडेलच याची खात्री नाही. सर म्हणाले, "आता हिला स्वतःची हवी. घाई नाही, पण विचार करा."

झालं, विचार सुरू झाला!

माझा मुलगा नव्याच्या बाजूचा. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ ही नावं त्याच्या तोंडी रुळली. या जर्मन घराण्यांचा इतिहास वाचनीय आहे बरं का. वाल्थर आणि आन्शुट्झ या दोघीही मूळच्या झेला-मेहलिसच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ते गाव पूर्वेकडे राहिलं आणि दोघींनी पश्चिमेकडच्या उल्म शहरात नव्याने संसार मांडला. फाइनवेर्कबाउ ओबर्नडॉर्फची, नेकार नदीकाठची. पण इतिहास फुकट, रायफल नाही. आम्हाला सांगितलेली किंमत होती पावणेतीन लाख.

अमेरिकेतल्या पुतण्याने व्हिडिओ कॉलवर दुसरं टोक धरलं. "काकू, विकत कशाला? इथे लोक घरी बसून जुळवतात. सुटे भाग मागवायचे, संध्याकाळभरात रायफल तयार!" त्याचं खोटं नाही. तिथल्या केंद्रीय कायद्यात ‘रिसीव्हर’ नावाचा एक भाग म्हणजेच बंदूक, बाकीचे नुसते सुटे भाग. ज्याला बंदूक बाळगायची मनाई नाही तो स्वतःपुरती बनवूही शकतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे, ती गोष्ट निराळी. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे, आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा मोठा गुन्हा आहे. त्याला म्हटलं, "बाळा, तुझ्या काकूला या वयात तुरुंगात धाडू नकोस." तो हसला. पण ‘जुळवणं’ हा त्याचा शब्द माझ्या डोक्यात राहिला.

कारण सरांनी तिसरी वाट दाखवली. क्लबातली एक मुलगी इंजिनिअरिंगला गेली, खेळ सुटला. तिची सात वर्षांची रायफल विकायची होती, नव्वद हजारांना. सर म्हणाले, "नळी आणि ट्रिगर चांगले असतील तर बाकी सगळं बदलता येतं."

मी सरांबरोबर बघायला गेले. मला काय कळतंय त्यातलं! पण विचारायला काय जातंय? चाळीस वर्षं मुलांना ‘शंका विचारा’ म्हणत आले, आता माझी पाळी. सरांनी रायफल शिकंज्यात घट्ट आवळली आणि वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे दहा मीटरवरून कागदावर मारले. माणसाचा हात मधे नसल्यामुळे नळीचा खरेपणा कळतो. एका डब्याचे छर्रे पसरले. दुसऱ्या डब्याच्या दहा छर्र्यांनी मिळून एकच भोक पाडलं, एका छर्र्याहून किंचित मोठं. छर्र्याच्या डोक्याच्या मापात ४.४९ आणि ४.५० असा केसाएवढा फरक असतो, तो या नळीला कळत होता. नळी पास!

मग सिलिंडर. यात २०० बार दाबाने हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते आणि ती टळलेली नाही ना हे बघणं खेळाडूचीच जबाबदारी. याची मुदत तीन वर्षांत संपणार होती. सर म्हणाले, नवा धरूनच हिशेब करा. बट लाकडी, मालकिणीच्या खांद्याचा. आमच्या नातीला पट्टी गालात रुतत होती आणि ग्रिप मुठीत मावत नव्हती.

घरी येऊन मी वहीत दोन रकाने पाडले. जुनी रायफल ९० हजार, सिलिंडर ३० हजार, खांद्याला टेकायची सरकती बटप्लेट १८ हजार, सुतारकाम दीड हजार. एकूण १ लाख ३९ हजार ५००. नवीच्या जवळजवळ निम्मे. शिवाय जॅकेट, पँट, बूट, हातमोजा दोन्हींकडे सारखेच. आणि छर्रे. दिवसाला ऐंशी म्हटले तर पाचशेचा डबा सहा दिवसांत संपतो.

पैसे माझ्या ठेवीतले जाणार होते. तिच्यावर थोरल्या नातवाच्या हॉस्टेलच्या फीचाही हक्क आहे. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण न बोलणाऱ्या मुलांचा हिशेब आपणच ठेवायचा असतो. मुलगा म्हणाला, "आई, पोरीच्या बाबतीत काटकसर नको. पुढे तिला वाटायला नको की आपल्याला जुनी दिली." त्याचंही चुकत नव्हतं. त्याला स्वतःला लहानपणी सायकल सेकंडहँडच मिळाली होती, ते मी विसरलेले नाही.

सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आई, दोन वर्षांनी तिला खेळावंसं वाटलं नाही तर? पावणेतीन लाखांची वस्तू घरात असताना ती ‘नको’ म्हणू शकेल का?"

त्या वाक्याने मला एक विद्यार्थी आठवला. हुशार, मराठीचे निबंध असे लिहायचा की मी दुसऱ्या वर्गात वाचून दाखवायचे. बापाने इंजिनिअरिंगसाठी अर्धा एकर विकला. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत तो मला भेटायला आला, तोंड सुकलेलं. म्हणाला, "बाई, मला ते जमत नाही, आवडतही नाही. पण आता सोडता येत नाही. शेत गेलंय." पुढे तो इंजिनिअर झाला, चांगली नोकरी करतो, वाईट काहीच झालं नाही. पण निबंध पुन्हा लिहिला नाही. बापाने प्रेमापोटीच शेत विकलं होतं. प्रेमाचं ओझं वाटेत उतरवून ठेवता येत नाही, म्हणून ते जास्त जड.

म्हणजे प्रश्न निव्वळ पैशांचा नव्हता. नवी रायफल म्हणजे ‘आता तू खेळाडूच व्हायचंस’ असा घराचा ठराव. जुनी घेतली तर ‘आम्हाला फारशी खात्री नाही’ असं पोरीला वाटणार नाही ना? दोन्हींत धोका होताच. शेवटी म्हटलं, जिची आहे तिलाच विचारू. इतके दिवस सगळे बोलत होतो, तिला सोडून!

ती म्हणाली, "आजी, जुनी चालेल. त्या ताईने तिच्यावर राज्य स्पर्धा मारलीय. पण बट माझा पाहिजे. आणि सेटिंग मी करणार, बाबा नाही."

बस्स. ठरलं.

मग पुढचे तीन आठवडे आमच्या ओसरीवर जे चाललं ते बघायला तुम्ही हवे होतात. आमच्या ओळखीचे सुतार शिसवीचा तुकडा घेऊन आले. गालाची पट्टी आधी पुठ्ठ्याची करून बघितली, मग लाकडाची. नात रायफल धरून डोळे मिटायची, गाल टेकवायची, डोळे उघडायची. साइटमधून मध दिसला तर ठीक, नाही तर पुन्हा रंधा. मान रायफलकडे न्यायची नाही, रायफल मानेकडे आली पाहिजे, हे सरांचं सांगणं सुतारांनी तिच्या आधी ओळखलं. म्हणाले, "कुदळीचा दांडाबी असाच असतोय बाई, हाताला बसला तर काम, नाहीतर फोड." ग्रिप कानशीने घासली, जिथे मूठ पोकळ राहत होती तिथे लांबी भरली. प्रत्येक फेरीला सर मापं घेत होते, कारण स्पर्धेआधी सगळं मोजतात आणि नियमाबाहेर गेलेलं चालत नाही.

आणि नातीची वही! कुठला स्क्रू किती फिरवला, बटप्लेट कितव्या खुणेवर, त्या दिवशी गुण किती. अक्षर वाईट आहे, ते मी सांगितलंय. पण गणिताच्या वहीत जी कधी तारीख घालत नव्हती ती इथे वेळसुद्धा लिहिते. जूनपासून ती दोन सेंटिमीटर वाढली आणि बटप्लेट दोनदा मागे सरकली. वाढत्या अंगाच्या मुलांना मोठ्या मापाचा फ्रॉक शिवायचो आपण, तसंच हे.

गुण वाढले का? लगेच नाही. पहिले पंधरा दिवस उतरलेच, कारण नवी सवय. आता पूर्वीइतके आले आहेत. पण सरांच्या म्हणण्याप्रमाणे छर्रे एका जागी पडू लागलेत, आधी चहूकडे जायचे. कारण सापडेल अशी चूक झाली की ती सुधारता येते, हे मला शाळेतल्या शुद्धलेखनावरून ठाऊक आहे.

कुणाच्या घरी हाच प्रश्न आला असेल तर माझ्या अनुभवाचं सार सांगते. मूल वर्षभर नियमित जाईपर्यंत क्लबचीच वापरू द्या. जुनी घेताना आधी नळी शिकंज्यात तपासा, मग सिलिंडरची तारीख बघा, रंग आणि चकाकी शेवटी. डावखुऱ्या मुलांना उजव्या हाताची रायफल स्वस्त मिळते म्हणून गळ्यात मारू नका. जाणत्या सरांना बरोबर न्या. नवी घ्यायची ऐपत असेल आणि मुलावर तिचं दडपण येणार नसेल तर जरूर घ्या, त्यात गैर काही नाही. पण नवीसुद्धा जुळवावी लागतेच! पेटीतून काढली आणि खांद्याला बसली, असं होत नाही.

मुलाची नाराजी पूर्ण गेलेली नाही. परवा त्याने स्वतःहून रायफलीला नवी पेटी आणली, आतून मखमल लावलेली. रायफलीपेक्षा पेटीच देखणी! मी काही बोलले नाही. त्याच्या सायकलीची फेड तो त्याच्या परीने करतोय.

आणि मी नातीला एकच सांगितलंय, तिच्या आईसमोर. ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी पेटीत ठेव, किती खर्च झाला ते कुणी काढणार नाही. ती म्हणाली, "हो गं आजी, पण आत्ता उशीर होतोय," आणि गेली दुधाळीला, सरावाला.

असो. बरंच लांबलं. वन्सं, पुढच्या वेळी आलात की दाखवीन. केशरी दोरी घालून ठेवलेली असेल, घाबरू नका.