‘डेंजर’ शब्दाची कुळकथा

परभाषेंतून आलेले कांहीं शब्द पाहुण्यासारखे ओसरीवरच थांबतात, तर कांहीं थेट माजघरापर्यंत शिरतात. ‘डेंजर’ हा दुसऱ्या प्रकारचा. जुन्नर-आंबेगांवकडे आज घाटांतलें वळण डेंजर, विजेची तार डेंजर, आणि बिबट्या तर ‘लई डेंजर’. आयुष्यभर मुलांस संस्कृत धातु घोकविण्यांत गेलेल्या आम्हांस या शब्दाचें कूळ पाहण्याचा मोह आवरला नाहीं.

आपला ‘संकट’ शब्द मूळचा ‘अरुंद’ या अर्थाचा. नाणेघाटाची चिंचोळी खिंड ज्यानें पाहिली आहे त्यास तो निराळा समजावून सांगावयास नको. ‘डेंजर’ची कथा वेगळी. लॅटिन भाषेंत ‘डोमिनस्’ म्हणजे धनी. त्यापासून जुन्या फ्रेंच भाषेंत धन्याच्या सत्तेचा वाचक शब्द झाला, व तोच इंग्रजींत गेला. एखाद्याच्या ‘डेंजर’मध्यें असणें म्हणजे त्याच्या मुठींत, त्याच्या मर्जीवर असणें. शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकांत सावकाराच्या कचाट्यांत सांपडलेल्या ऋणकोस उद्देशून हा शब्द याच अर्थानें आला आहे. पुढें अर्थांतून धनी लोपला, भय तेवढें उरलें.

परंतु व्यवहारांतून धनी लोपला काय? कुकडी प्रकल्पाचें पाणी आलें, ऊस वाढला, आणि दाट उसांत बिबट्यानें घर केलें. माद्या तेथेंच वितात. माणिकडोहास बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे. आम्हांस तिन्हीसांजेला दार लावून घेतां येतें. तोडणीस आलेल्या मजुराचें लेंकरूं मात्र फडाच्या कडेला कोपींत निजतें. ऊस बागाइतदाराचा, बिबट्या सरकारचा. त्या लेंकराची जोखीम कोणी घ्यावयाची? ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळून सुमारें दीडशें माणसें गेलीं. जेथें घर व शेत, तेथेंच राहणें त्यांस भाग होतें.

शब्दाचें मूळ ध्यानांत ठेविलें म्हणजे डेंजर म्हणजे परस्वाधीनता, हें पटतें. ज्यांच्या मळ्यांत तोडणी व्हावयाची आहे त्यांनीं टोळी येण्यापूर्वीं चार बंद भिंतींचा निवारा व एक दिवा यांची सोय करावी. उसाच्या हिशेबांत तो खर्च फार नाहीं. आणि घरांतील मुलांनीं ‘बिबट्या किती डेंजर?’ असें विचारलें, तर वडील माणसांनीं आधीं त्यांस विचारावें, ‘कोणाला?’